पहिल्या ठोक्याची जागा

पावसाळ्यात रत्नागिरीत कॅसेट किंचाळली, तर का किंचाळली हे कोणी विचारत नाही. बुरशी लागली, हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. चपला, कमरेचे पट्टे, लग्नाचे फोटो, सगळ्यावरच आमच्याकडे पांढरी लव येते. कॅसेट तर नाजूक जात. त्यावर घरोघरी आपापले इलाज असत. कोणी ती दिव्याखाली तापत ठेवी, कोणी चुलीच्या कडेला. आमची आई तांदळाच्या डब्यात पुरायची. १९९९च्या जुलैत माझ्या भावानं ब्राझीलहून पाठवलेली कॅसेट आम्ही लावली आणि दुसऱ्याच मिनिटाला तिच्यातून चिरका, उचकी लागल्यासारखा आवाज येऊ लागला. आईनं ती काढली आणि कोपरापर्यंत हात घालून तांदळात खोल पुरली. तिच्या लेकाचं बोलणं होतं त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला. ते खराब झालेलं तिला सहन झालं नसतं.

भाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. एका मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला होता. जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यानं वर-खाली फिरायचं. सांतोसला माल भरायचा, साल्वादोरला उतरवायचा, तिथून रेसिफे, की परत खाली. आमच्या जिल्ह्यात बोटीवर जाणं ही काही नवलाई नाही. घरात भूकंप झाला तो भाऊ कधी गेला ह्यावरून.

बाबा रत्नागिरीतल्या एका शाळेत शिपाई होते. शाळेची घंटा त्यांच्या हातात, आणि घंटेच्या बाबतीत ते मुख्याध्यापकांचंही ऐकत नसत. पण त्यांची खरी ओळख संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावात होती. तिथे ते मृदंगवाले. गणपतीत आमच्याकडे जाखडीचा नाच असतो. मधे गाणारा बुवा, मृदंगवाला आणि झांजवाला बसतात, आणि एका पायात घुंगरू बांधलेले पुरुष त्यांच्याभोवती रिंगण धरून नाचतात. कधी दुसऱ्या गावच्या नाचाशी सामना लागतो. एका बुवानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा. १९९८ साली असा सामना ठरला होता, आणि मृदंगावर बाबांच्या जागी पहिल्यांदाच भाऊ बसणार होता. चार वर्षं खपून बाबांनी त्याला तयार केला होता. समोरच्या गावाला तसा शब्द दिला होता. गणपतीला अठरा दिवस उरले असताना जहाजाचं बोलावणं आलं, आणि भाऊ गेला.

त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. दोन वर्षं तो त्या बोलावण्याची वाट बघत होता. सामन्याला बाबा स्वतः बसले. समोरच्या बुवानं बसल्या जागी कडवं रचून विचारलं, की ज्या मृदंगाला वारस नाही त्याच्या कातड्याला शाई तरी कशाला भरता? सामन्यात असे टोमणे चालायचेच, कोणी ते घरी घेऊन जात नाही. बाबा घेऊन आले. मृदंग आईच्या जुन्या लुगड्यात बांधून त्यांनी माळ्यावर टाकला आणि मुलाचं नाव घेणं सोडलं. शेजारच्या काकांकडे फोन होता. जहाज बंदरात असेल त्या रविवारी संध्याकाळी भावाचा फोन यायचा. आई आणि मी धावत जायचो, आणि बाबांना नेमकं तेव्हाच विहिरीवर जायचं असायचं. पिंप काठोकाठ भरलेलं असलं तरी.

दहा महिन्यांचा करार संपला, तर भाऊ घरी यायच्या ऐवजी तिकडूनच परस्पर दुसऱ्या करारावर चढला. कंपनीनं विचारलं म्हणून, असं फोनवर म्हणाला. आईनं फोन ठेवला, परत येताना वाटेत थांबली आणि मला म्हणाली, "त्यो आता येत नाय गं. बापूस बोलत नाय त्या घरात येऊन करंल काय?" मी तिला काहीतरी समजावलं, पण माझ्याही पोटात तेच होतं. दोघंही एकाच मातीचे. दोघांपैकी एकजण मऊ पडला नाही, तर आमच्या घरातून एक माणूस कायमचा वजा होणार होता.

अशात ती कॅसेट आली. अंजनवेलच्या बाजूचा त्याचा एक जोडीदार सुट्टीवर आला होता, त्यानं आणून दिली. एका बाजूला भावाचं बोलणं, आईसाठी आणि माझ्यासाठी. तिकडे फणस मिळतो. काजूची झाडं तर रस्त्याच्या कडेला आहेत, आणि लोक बोंडूचा रस पेल्यानं पितात. काजू मुळात तिथलाच, पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे आणला, असं त्याला तिथल्या कोणीतरी सांगितलं होतं. आई म्हणाली, "सांगनारा खोटारडा हाय." कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला गाणी होती, आणि ती लागण्याआधी भावाचं एकच वाक्य: "हे बाबांसाठी." बाबा पडवीत विड्या वळल्यासारखं काहीतरी उगाचच करत बसले होते. ते वाक्य त्यांनी ऐकलं, उठले, आणि चपला घालून निघून गेले. त्यानंतर ती किंचाळी सुरू झाली.

तीन दिवसांनी आईनं कॅसेट तांदळातून काढली. पुसून लावली. तीच किंचाळी, त्याच जागी. बाबा जेवत होते. ताटातून मान वर न करता म्हणाले, "हेड घान झालाय."

त्या कॅसेटविषयी ते बोललेला हा पहिला शब्द. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठूनसं स्पिरिट आणलं, काडीला कापूस गुंडाळला आणि टेपरेकॉर्डरचं हेड घासून आरशासारखं केलं. किंचाळी गेली नाही. रविवारी त्यांनी टेप खोलला. स्क्रू वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले आणि आम्हाला श्वासही जोरात घेऊ नका म्हणून बजावलं. किंचाळी गेली नाही. मग बाजारात दुरुस्तीवाल्याकडे नेऊन त्यांनी त्याचा रबरी पट्टा बदलून आणला. बाकी सगळं गाणं स्वच्छ, ढोल स्वच्छ, माणसं ओरडतायत ती स्वच्छ, आणि मधे मधे ती उचकी. बाबांना ते सहनच होईना. मुलावरचा राग बाजूला राहिला आणि तो सगळा त्या आवाजावर निघायला लागला. दिवसातून दोनदा कॅसेट लावायचे, कान जवळ नेऊन ऐकायचे आणि मान हलवायचे. आई मला स्वयंपाकघरात खुणेनं म्हणायची, बोलू नको, ऐकू दे.

मी भावाला पत्र लिहिलं की तुझी कॅसेट खराब निघाली, सबंध गाण्यात काहीतरी किंचाळतंय, बाबांनी टेपसुद्धा उघडला. उत्तर पुढच्या कॅसेटवर आलं, गणपती झाल्यावर. आधी बराच वेळ तो नुसता हसतच होता. मग म्हणाला, "ताई, ते वाद्य आहे." त्याला क्वीका म्हणतात. लहानसा ढोल, एका बाजूनं कातडं. त्या कातड्याच्या मध्यावर आतून एक बांबूची काडी बांधलेली असते. वाजवणारा ढोलात हात घालतो आणि ओल्या फडक्यानं ती काडी चोळतो, दुसऱ्या हाताचं बोट बाहेरून कातड्यावर दाबतो. त्यानं ढोल हसतो, रडतो, कुत्र्याच्या पिल्लासारखा केकाटतो. सांबा म्हणून तिकडचा नाच आहे, त्याच्या ताफ्यात तो लागतोच.

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. दीड महिना त्यांनी धडधाकट यंत्राचं ऑपरेशन केलं होतं. मला वाटलं आता भडकणार. त्यांनी विचारलं, "कातडं कसलं?"

"ते नाही सांगितलं त्यानं."

"मग इचार की."

एवढं बोलून ते घंटा द्यायला गेले. आई देवासमोर जाऊन उभी राहिली. मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी पदराशीच भांडत बसले.

त्यानंतर भावाच्या कॅसेटी दोन-तीन आठवड्यांनी येत राहिल्या. बोलणं कमी आणि वाजवणं जास्त. बंदरात उतरला की तो छोटा रेकॉर्डर खांद्याला लावून हिंडायचा. गोदीवरचा एक म्हातारा हमाल त्याला हे दाखव, ते दाखव असं करत गल्लोगल्ली घेऊन जायचा. त्याच्याकडून ऐकलेलं भाऊ आम्हाला सांगायचा. मी टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवत होते; उरलेले कागद शिवून मी एक वही केली आणि त्यात हे सगळं उतरवून ठेवलं. कशासाठी, ते मलाच ठाऊक नव्हतं. आमच्या घरातल्या बायकांना लिहून ठेवण्याची खोड आहे, एवढंच.

रविवारी दुपारी जेवणं झाली की ऐकायची बैठक. बाबा तेव्हाही आमच्यात बसत नसत, पडवीत दाराला टेकून बसत, पाठ आमच्याकडे. पण निकाल तिथूनच द्यायचे. फोहो नावाचा प्रकार त्यांना लगेच पटला. त्यात हाताची पेटी असते, एक लोखंडी त्रिकोण किणकिणतो आणि एक ढोल, ज्याच्या एका अंगावर जाड टोल पडतो आणि दुसऱ्या अंगावर बारीक काडी. जूनमध्ये तिकडच्या गावांत होळ्या पेटवतात आणि त्याभोवती जोडीजोडीनं ह्यावर नाचतात, असं भावानं सांगितलं. आईनं विचारलं, "जोडीनं म्हंजे? धरून?" मी म्हटलं, धरून. "सगळ्यांच्या म्होरं?" मी म्हटलं, सगळ्यांसमोर. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "येकदा बगायला हवं." बाबांनी पाठमोऱ्यानंच घसा खाकरला.

रेसिफेचा फ्रेव्हो आला तेव्हा बरोबर एक फोटोही आला. भर उन्हात पोरंपोरी हातभर रंगीत छत्र्या घेऊन उकिडवी होतायत, उड्या मारतायत. पाऊस नसताना छत्री उघडणारी माणसं आईनं पहिल्यांदाच पाहिली. "मेल्यांना कामं नाय," म्हणाली, पण फोटो आरशाच्या कडेला खोचून ठेवला. बोसा नोव्हा बाबांना पटली नाही. गिटार हळू, गाणारा त्याहून हळू. "ह्याच्या शेजारी बारकं पोर निजलंय काय?" म्हणाले. पागोजीला मात्र त्यांनी मान दिला. टेबलाभोवती माणसं बसतात, कोणी हातानं डफ वाजवतो, कोणी बारकी बँजो, आणि ज्याला येतं तो गातो, नाही येत तोही गातो. "ह्ये आपलं भजन," बाबा म्हणाले. "फक्त हितं चहा मिळतो आनि तिथं दारू."

मी सांबाची पावलं शिकायचा प्रयत्न केला. भावानं कॅसेटवर तोंडानं शिकवली होती: एका ठोक्यात तीन पावलं, एक मागं, एक जागच्या जागी, एक पुढं, आणि खांदे स्थिर. डोक्यावर पाण्याची कळशी आहे असं समज, म्हणाला. स्वयंपाकघरात मी ते करून बघितलं तर मांडणीवरची भांडी नाचली, मी नाही. आई चुलीपाशी बसून बघत होती. उठली, साडी जरा वर खोचली आणि माझ्या शेजारी उभी राहून तिनं गौरीच्या नाचातली पावलं टाकायला सुरुवात केली. ती सांबाची नव्हती, पण ढोलावर बरोबर बसत होती. पन्नाशीची बाई, गुडघे दुखणारी. खांदे अजिबात हलत नव्हते. मला तिचा फार हेवा वाटला.

बाबांचं लक्ष मात्र एकाच गोष्टीवर अडकलं होतं. सांबातला तो मोठा ढोल, सुर्दो. इतका खोल की आमच्या टेपची जाळी थरथरायची. बाबा बोटानं मांडीवर मोजायचे आणि अडायचे. शेवटी एका रविवारी त्यांनी दारातून आत बघून मला विचारलं, "ह्यो मानूस पहिल्यावर मारीत नाय. दुसऱ्यावर मारतो. पहिला रिकामा. बग तू." मी मोजलं. एक, धूम, एक, धूम. खरंच, जोर दुसऱ्यावर होता. आयुष्यभर पहिल्या ठोक्यावर, समेवर, धाडकन येऊन पडणारा माणूस हा. त्यांच्या मते सम चुकवणारा माणूस लग्नाची तिथीसुद्धा चुकवतो. "मग पहिला ठेवलाय कोनासाठी?" ते म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता बाहेर बघत बसले.

पुढच्याच आठवड्यात शाळेची घंटा बिघडली. म्हणजे घंटा शाबूत होती. आमचा क्लास शाळेच्या मागच्या गल्लीत. मधल्या सुट्टीचे टोल मी रोज ऐकायचे, इतके सारखे की त्यावर मुलींची टंकलेखनाची बोटं मोजून घ्यावीत. त्या दिवशी पहिला टोल हलका पडला, दुसरा जोरात. हलका, जोरात. हलका, जोरात. माझ्या मशीनवरच्या मुली थांबून एकमेकींकडे बघायला लागल्या. संध्याकाळी मी बाबांना काही विचारलं नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं होतं, हे नंतर कळलं. दोरी जीर्ण झालीय, असं बाबांनी त्यांना सांगितलं होतं.

मी भावाला लिहिलं की बाबा विचारतायत, पहिला ठोका कोणासाठी ठेवलाय. उत्तर डिसेंबरात आलं. कॅसेटवर बराच वेळ नुसता समुद्र वाजला. मग तो म्हणाला, "सुर्दो एक नसतो, दोन असतात. मोठा दुसऱ्यावर मारतो. त्याच्याहून जरा लहान असतो तो पहिल्यावर. एकानं विचारायचं आणि एकानं जवाब द्यायचा, आपल्या सामन्यासारखं. मी मोठ्याच्या शेजारी उभा होतो म्हणून तुम्हाला तोच ऐकू आला. दोघं असल्याशिवाय सांबा चालत नाही, ताई. सांग त्यांना."

त्यांना सांगायची गरज नव्हती. ते तिथेच होते, आणि ह्या वेळी पाठ आमच्याकडे नव्हती.

त्यानंतर काही दिवस काहीच झालं नाही. मग एका रविवारी सकाळी, मी कपडे वाळत घालत होते, बाबांनी आईला सांगितलं, "जरा कनीक मळ." आमच्या घरी रोज भात आणि तांदळाची भाकरी. गव्हाचं पीठ निघायचं ते पाहुणे आले तर. आई म्हणाली, "कोन यायचंय?" बाबा म्हणाले, "कोन नाय." आणि माळ्याकडे बघितलं. तेव्हा तिला कळलं. मृदंगाच्या डाव्या अंगाला कणकेचा गोळा थापतात, त्याशिवाय तो घुमत नाही. दीड वर्षात घरात कोणी त्यासाठी कणीक मागितली नव्हती. आईनं परात घेतली आणि इतकी कणीक मळली की चार मृदंगांना पुरून उरली असती. दोन दिवस आम्ही चपात्या खाल्ल्या.

लुगडं सोडलं तर आत मृदंगाच्या चामडी वाद्या सैल पडलेल्या, आणि शाईवर, अर्थातच, बुरशी. बाबांनी सकाळभर ती साफ केली, वाद्या ओढल्या, कणीक थापली, ठोकून ठोकून सूर बघितला. दुपारी मला म्हणाले, "कोरी कॅसेट हाय?" होती. मी टेप त्यांच्यासमोर ठेवला, दोन्ही बटणं एकदम दाबली आणि मागे सरले.

त्यांनी उजव्या हातानं कातड्याच्या कडेवर बारीक चाट धरली, सारखी, घड्याळासारखी. डावा हात वर राहिला. पहिला ठोका गेला, त्यांनी मारला नाही. दुसऱ्यावर मारला. परत पहिला मोकळा, परत दुसऱ्यावर घुमारा. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. बोलायला सोपं, पण चाळीस वर्षं जो हात समेवर पडलाय त्याला दर वेळी हवेत थांबवायचं, हे त्यांना किती जड जात होतं ते मला दिसत होतं. एकदाही पडला नाही. अर्धी बाजू भरेपर्यंत त्यांनी तसंच वाजवलं, सबंध वेळ पहिली जागा रिकामी सोडून. मग हात थांबवला. टेप फिरत होता. मी खुणेनं विचारलं, काही बोलायचंय? त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि स्वतःच बटण दाबलं.

कॅसेट मी जहाजाच्या मुंबईच्या ऑफिसात पाठवली, तिथून ती पुढे जायची होती. मग वाट बघणं. जानेवारी गेला. फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये तिकडे कार्निव्हल, इकडे शिमगा. गावी आमच्या देवाची पालखी खांद्यावर नाचली, ढोल वाजले, आणि बाबा ढोलवाल्यांशेजारी उभे होते. कोणीतरी विचारलं, मुलगा काय म्हणतो? बाबा म्हणाले, "कळंल." दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या प्रश्नाला उत्तर दिलं होतं. मला मात्र आता धास्ती बसली होती. बाबांच्या स्वभावाचा माणूस असा हात एकदाच पुढे करतो. ती कॅसेट कुठे गहाळ झाली असली, किंवा भावाला त्यातलं काही कळलंच नसलं, तर मृदंग परत माळ्यावर जाणार आणि आता खाली येणार नाही. फोनवर मला भावाला विचारता येत होतं, पण विचारवेना. त्यानंही काही काढलं नाही.

मे महिन्यात, आंब्याच्या पेट्यांची गडबड चालू असताना, पाकीट आलं. आत एक कॅसेट, चिठ्ठी नाही. बाबा शाळेत सुट्टी असूनही घंटेला तेल द्यायला गेले होते. त्यांना बोलावून आणलं. ते हातपाय धुऊन आले आणि आत, आमच्यात, टेपसमोर बसले. मी बटण दाबलं.

आधी इंजिनाची घरघर. मग लांबून, छोट्या स्पीकरमधून आल्यासारखा, मृदंग. बाबांचा. तीच चाट, तोच दुसऱ्यावरचा घुमारा, रिकामी पहिली जागा. आईनं माझा हात धरला. आठ-दहा वेळा ती जागा रिकामी गेली. मला वाटलं, संपलं, ह्याला कळलं नाही. मग त्या जागेवर एक ठोका पडला. जवळून, मोठ्यानं. कशावर मारत होता देव जाणे, तेलाचं रिकामं पिंप असावं. परत पडला. मग दर वेळी पडायला लागला. पिंप आणि मृदंग, पहिला आणि दुसरा, सबंध बाजूभर. भाऊ एक शब्द बोलला नाही. त्या दोघांना बोलायला सांगणंच चूक होतं.

पण एक गोष्ट मलासुद्धा ऐकू येत होती. भाऊ मागे राहत होता. दर ठोक्याला केसभर, फार नाही. पण बाबांसमोर केसभर म्हणजे कोसभर. ह्याहून कमी चुकीला त्यांनी नाचातल्या माणसांना रिंगणातून उठवलं होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते डोळे मिटून, गुडघ्यावर बोट ठेवून ऐकत होते, आणि ते बोट मृदंगाबरोबर पडत होतं. हळूहळू ते थांबलं.

कॅसेट संपली. आईलाही कळलं होतं बहुतेक, कारण तिनं भीत भीत विचारलं, "चुकला काय वो?"

बाबांनी डोळे उघडले. "नाय," म्हणाले. "टेपचा पट्टा सैल झाला असंल."

पट्टा बदलून वर्षही झालं नव्हतं. आणि तो सैल असता तर पिंप आणि मृदंग दोन्ही मागे पडली असती, नुसतं पिंप नाही. हे मला कळत होतं, तर त्यांना कळत नसेल? मी उठून कॅसेट काढली आणि आईला दिली. तिनं ती पदरानं पुसली, आणि सवयीनं तांदळाच्या डब्याकडे निघाली.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि फोनच्या नेहमीच्या वेळेच्या अर्धा तास आधीच काकांच्या ओटीवर जाऊन बसले. आम्ही दोघी मागून गेलो. काकांनी चहा दिला, तो त्यांनी घेतला नाही. फोन वाजल्यावर काकांनी रिसीव्हर आईकडे करायच्या आत बाबांनी तो उचलला. बराच वेळ पलीकडून हॅलो, हॅलो ऐकू येत राहिलं.

"मागं राहतोस," बाबा म्हणाले. मग, "गनपतीला ये. बसवून घेऊ."